‘हो ताई, घेते’ म्हणणारी बाई गोळी का सोडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मुलगी नुकतीच समुपदेशक म्हणून कामाला लागलीय, धंद्यातल्या बायकांना ती प्रेपची माहिती देते, म्हणजे एचआयव्ही होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी. ऐकताना सगळ्या माना डोलावतात, बऱ्याचजणी नावं देतात आणि तीन महिन्यांनी बघावं तर निम्म्याहून जास्त गायब. तिने विचारलंय, यांना स्वतःच्या जिवाची पर्वा नाही का, की मलाच समजावता येत नाही?

दोन्ही नाही. मी बरीच वर्षं याच कामात आहे आणि सुरुवातीला मीही हाच प्रश्न डोक्यात घेऊन फिरायचे, मीटिंगमध्ये ‘अवेअरनेस कमी पडतोय’ असं म्हटलं की सुटले. आता माझं मत असंय की गोळी सोडणारी बाई बहुतेक वेळा सगळं समजूनच सोडते. तिने हिशोब केलेला असतो, फक्त तिच्या हिशोबातले आकडे वेगळे असतात. आपण व्हायरस धरून बसतो आणि ती धरते की ही डबी कोणाच्या नजरेला पडेल, आज मळमळलं तर गिऱ्हाईक कसं घ्यायचं, रात्री येणारा तिचा माणूस काय समजेल, आणि उद्या इथून उठून दुसरीकडे जावं लागलं तर गोळ्या कोण देणार.

आधी औषधाचं थोडक्यात सांगते कारण पुढचं त्यावरच आहे. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन अशी दोन औषधं एका गोळीत असतात, अमेरिकेत २०१२ साली या गोळीला प्रतिबंधासाठी मंजुरी मिळाली आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ज्याला ज्याला लागण होण्याचा मोठा धोका आहे त्या सगळ्यांना ती द्यावी. धंद्यातल्या बायका त्यात येणारच, २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत या बायकांमध्ये एचआयव्ही असण्याची शक्यता इतर बायकांच्या मानाने साधारण १३ पट निघाली होती. म्हणजे गोळी चांगली, गरज खरी, दोन्ही बाजू पक्क्या, मग अडतं कुठे?

अडतं पहिल्यांदा आपल्याच ‘हो’ मोजण्यात. प्रेपच्या सुरुवातीच्या काळात आफ्रिकेत बायकांवर दोन मोठे अभ्यास झाले, फेमप्रेप आणि व्हॉइस. ते फक्त धंद्यातल्या बायकांचे नव्हते पण शिकवण आपल्याला तीच आहे. फेमप्रेपमध्ये २,१०० च्या वर बायका होत्या, त्यातल्या ९५ टक्के म्हणाल्या की आम्ही नेहमी किंवा जवळपास नेहमी गोळी घेतो, आणि रक्त तपासलं तर ४० टक्क्यांपेक्षा कमी जणींच्या रक्तात औषध सापडलं. २०११ मध्ये तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला कारण औषधाच्या गटात आणि औषध नसलेल्या साध्या गोळीच्या गटात लागण जवळपास सारखीच होती. व्हॉइसचीही तीच गत, ५,००० बायका, सांगण्यात ९० टक्के आणि रक्तात तिसऱ्या हिश्श्याइतकंही औषध नाही. लोकांनी तेव्हा म्हटलं, बायका खोटं बोलल्या. बोलल्याच, पण कोणाशी? जी माणसं त्यांना तपासतात, औषध देतात, येण्याजाण्याचे पैसे देतात त्यांच्याशी. नंतर बसून विचारल्यावर बऱ्याच गोष्टी निघाल्या, घरचे म्हणाले हे औषध आजाऱ्यांचं आहे, शेजारणीने भीती घातली, मला कुठे एवढा धोका आहे असं वाटलं. त्याच सुमारास केनिया आणि युगांडात पार्टनर्स प्रेप नावाचा अभ्यास झाला, त्यात जोडपी होती, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, तिथे हीच गोळी लागण ७५ टक्क्यांनी कमी करून गेली. औषध एकच. फरक एवढाच की तिथे गोळी लपवायची नव्हती, घरात दोघांनाही माहीत होतं ती कशासाठी आहे.

त्यामुळे डबीचं प्रकरण मी सगळ्यात वर ठेवते. हेच टेनोफोविर एचआयव्ही झालेल्यांच्या उपचारातही असतं, डबी बरेचदा तशीच दिसते, आत ३० गोळ्या आणि चालताना पर्समध्ये खडखड वाजते. वस्तीत एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराची, डबी कशी दिसते हे सगळ्यांना पाठ असतं. मग एकीच्या खोलीत तशी डबी दिसली की झालं, ‘तिला आहे’ ही बातमी संध्याकाळपर्यंत फिरते, गिऱ्हाईक तुटतं, खोलीची मालकीण विचारायला लागते. म्हणजे एचआयव्ही नसलेली बाई एचआयव्ही नसण्यासाठी औषध घेते आणि बदनामी मात्र एचआयव्ही असल्याची मिळते! तिने ती डबी तिसऱ्या दिवशी गटारात टाकली तर मला नवल वाटत नाही. एकदा एक बाई मला म्हणाली होती, “मॅडम, आजार झाला तर पाच वर्षांनी मरेन, हे दिसलं तर उद्यापासून उपाशी.” पाच वर्षांचं तिचं गणित चुकीचं होतं, आता उपचारावर माणूस पूर्ण आयुष्य जगतो, पण ‘उद्यापासून उपाशी’ यातलं काय चूक आहे ते मला अजून सांगता येत नाही.

उपाय म्हणून आम्ही साध्या गोष्टी केल्या. डबी क्लिनिकमध्येच ठेवायची, गोळ्या छोट्या झिपच्या पाकिटात किंवा व्हिटॅमिनच्या डबीत द्यायच्या, आत ओलावा जाऊ नये म्हणून ती छोटी पुडीही सोबत द्यायची, आणि महिन्याभराच्या एकदम नको असतील तर पंधरा दिवसांच्या घ्या. याला काही अक्कल लागत नाही, पण हे कोणी विचारत नाही कारण फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही नवीन लोकांच्या लक्षात खूप उशिरा येते, ती म्हणजे गिऱ्हाईक आणि ‘आपला माणूस’ यातला फरक. गिऱ्हाईकासोबत बहुतेकजणी कंडोम वापरतात, नाही वापरला तर त्यांना स्वतःला कळतं की आज काहीतरी चुकलं. पण नवरा, यार, जो कायमचा येतो, ज्याला ती स्वतः जेवायला घालते, त्याच्यासोबत कंडोम नाही, कारण कंडोम म्हणजे तू गिऱ्हाईक आहेस असं म्हणणं. लागणीचा दरवाजा बरेचदा तिथे उघडा असतो. आता आपण जाऊन सांगतो, ‘ताई तुमचा धंदा आहे म्हणून तुम्हाला धोका आहे’, ती म्हणते मी तर कंडोम वापरते, मला काय करायचीय गोळी, आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. मी आता धंद्यापासून बोलणं सुरूच करत नाही, घरी कोण येतं, त्याच्यासोबत काय असतं, मूल हवंय का, तिथून सुरू करते. मूल हवं असणाऱ्या बाईला कंडोम सांगून काय उपयोग, तिला गोळीच हवी, आणि ती गोळी गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही चालते हे ऐकून कित्येकजणींचा चेहरा बदलतो. गर्भनिरोधक गोळी किंवा इंजेक्शनसोबतही तिचा काही वाद नाही, हेही स्पष्ट सांगायचं, ही शंका त्या मनात ठेवतात पण विचारत नाहीत.

पण याच माणसामुळे गोळी सुटते पण. त्याला सापडली की दोनच अर्थ निघतात, एक तुला आजार आहे, दोन तुला माझ्यावर संशय आहे. मारहाण होते. म्हणून ‘त्याला विश्वासात घ्या’ हा सल्ला मी सरसकट देत नाही, पुस्तकात तो छान दिसतो. कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता कंडोमचा मुद्दा, यावर जरा वेळ घेते कारण इथे बायकांचा विरोध आपण फार हलका समजतो. अनेकजणी सरळ म्हणतात की ही गोळी आली की कंडोम जाणार. गिऱ्हाईक आधीच बिनाकंडोमचे जास्त पैसे देतो, त्याला कळलं की गोळी आहे तर म्हणेल मग आता कशाला? मालकीण म्हणेल गोळी घे आणि गिऱ्हाईक नाराज करू नको. ही भीती हवेतली नाही. सेक्स वर्करांच्या जागतिक नेटवर्कने जगभरच्या संघटनांशी बोलून हेच मांडलं होतं की गोळी सक्तीची होऊ नये आणि कंडोमचा पैसा तिकडे वळू नये. आणि गोळी बाकी काहीच थांबवत नाही, गरमी (सिफिलिस) नाही, परमा (गोनोरिया) नाही, गर्भही नाही, म्हणजे कंडोम गेला तर तिच्या अंगावर उरलेलं सगळं येतं.

या अविश्वासाला इतिहास पण आहे, तो नवीन मुलांना कोणी सांगत नाही. २००४ साली कंबोडियात, नॉमपेन्हमध्ये, ९६० सेक्स वर्करांवर टेनोफोविरचा अभ्यास होणार होता. तिथल्या बायकांच्या संघटनेने साधा प्रश्न विचारला की अभ्यास संपल्यावर आम्हाला काही त्रास झाला तर उपचार कोण करणार, आणि ३० वर्षांचा आरोग्य विमा मागितला. मिळाला नाही, त्याच वर्षी बँकॉकच्या एड्स परिषदेत निदर्शनं झाली आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी अभ्यासच बंद केला. पुढच्या वर्षी कॅमेरूनमध्येही तसाच अभ्यास थांबला. तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटलं की या अडाणी बायकांनी विज्ञान मागे नेलं. मला विचाराल तर त्यांनी जे मागितलं ते कोणत्याही शहाण्या माणसाने मागितलं असतं, आणि आज अभ्यास सुरू करायच्या आधी लोकांना सोबत घ्यायचे जे नियम आहेत त्यात त्या भांडणाचा मोठा वाटा आहे. तेव्हा तुमच्या मीटिंगमध्ये एखादी मागच्या रांगेतून ‘आमच्यावर प्रयोग करताय का?’ असं ओरडली तर चिडू नका, तिला पुढे बसवा, मंजुरी कधी मिळाली, किती वर्षं जगभर वापरात आहे ते तिला सांगा, तीच नंतर बाकीच्यांना पटवते.

त्रास. पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, डोकं दुखणं, पोट फुगणं, गॅस, हे काहीजणींना होतं आणि बहुतेक महिन्याच्या आत जातं. आपण म्हणतो ‘किरकोळ आहे’. अहो, तुम्ही ऑफिसात बसून मळमळ सहन करणं वेगळं आणि तिने रात्री पाच जणांना सामोरं जाणं वेगळं. रात्री काम असेल तर सकाळी झोपायच्या आधी काहीतरी खाऊन घ्या, एवढ्या एका वाक्याने कितीजणी टिकल्यात. मूत्रपिंडाचं सांगायचं, म्हणजे सुरू करताना आणि अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं, त्यावरून मूत्रपिंड नीट चाललंय का ते कळतं, हिपॅटायटिस बीची तपासणी करायची कारण ते असेल तर गोळी मनाने बंद केल्यावर लिव्हर बिघडू शकतं. आणि एचआयव्हीची टेस्ट आधी आणि नंतर दर तीन महिन्यांनी. लागण झालेली असताना नुसती ही दोन औषधं घेत राहिलं तर व्हायरस त्यांना जुमानेनासा होतो, म्हणून टेस्ट चुकवायची नाही. काहीजणी गोळीला घाबरत नसतात, या टेस्टला घाबरतात, आणि त्या पण मान डोलावणाऱ्यांतच असतात.

दारू! हे मी वेगळं लिहितेय कारण मला हे कळायला लाजिरवाणा उशीर झाला. बायकांचा समज असतो की दारूवर कोणतीच गोळी घ्यायची नाही, इतर औषधांच्या बाबतीत आपणच तसं सांगितलेलं असतं. मग ज्या रात्री प्यायली, म्हणजे नेमकं ज्या रात्री कंडोम राहून जाण्याची शक्यता जास्त, त्याच रात्री ती शहाण्यासारखी गोळी टाळते. या गोळीचं आणि दारूचं वाकडं नाही, प्यायलीस तरी घे, हे तोंड भरून सांगा. दारूला उत्तेजन देतोय असं वाटून बरेच समुपदेशक हे बोलत नाहीत आणि त्यात नुकसान होतं.

रोज का, लागेल तेव्हा का नाही, हाही प्रश्न येतो कारण कुठूनतरी त्यांनी ऐकलेलं असतं की संबंधाच्या आधी दोन गोळ्या आणि नंतर एक एक असं पण चालतं. ते पुरुषांसाठी आहे. योनीच्या आवरणात हे औषध गुदमार्गाच्या मानाने कमी साचतं, म्हणून बायकांनी रोज घ्यायची, सुरू केल्यावर निदान ७ दिवस झाल्याशिवाय भरवसा ठेवायचा नाही, काही देशांच्या नियमात २१ दिवस धरतात, आणि थांबवायची असेल तर शेवटच्या धोक्यानंतर ७ दिवस घेऊन मग थांबवायची. कंडोम फाटला, जबरदस्ती झाली आणि गोळी चालू नव्हती तर ७२ तासांच्या आत यायचं, तो २८ दिवसांचा वेगळा कोर्स आहे, त्याला पेप म्हणतात. प्रेप आणि पेप ही नावं इतकी सारखी का ठेवली देव जाणे, अर्धा गोंधळ तिथेच होतो.

आता टिकण्याचं. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियात २०१५ ते २०१७ मध्ये टॅप्स नावाचा प्रकल्प झाला, २१९ धंद्यातल्या बायकांनी गोळी सुरू केली आणि वर्षाने २२ टक्के उरल्या. त्याच प्रकल्पात एचआयव्ही असलेल्या ज्या बायका उपचारावर होत्या त्यातल्या ६० टक्के टिकल्या, तीच क्लिनिकं, तोच स्टाफ. आजार असलेल्या माणसाला गोळी घ्यायचं कारण रोज अंगात असतं, धडधाकट बाईला ते रोज नव्याने शोधावं लागतं. दुसरीकडे भारतात कोलकात्याला दुर्बार आणि मैसूरला अशोदया या सेक्स वर्करांच्या स्वतःच्या संघटनांनी प्रकल्प चालवले, दोन्हीकडे मिळून तेराशेच्या आसपास बायका, बहुतेकजणी शेवटपर्यंत टिकल्या आणि नव्या लागणीची नोंद नाही. गोळी यायच्या आधीच तिथे वस्तीत बोलणी झाली होती, शंका, अफवा, मालकिणी, सगळं, आणि गोळीची आठवण करायला येणारी पिअर, म्हणजे सोबतीण कार्यकर्ती, त्यांच्यातलीच होती. ‘मी घेते, मला पहिले दहा दिवस उलटी झाली मग थांबली’ हे वाक्य ती म्हणते तेव्हा जो परिणाम होतो तो माझ्या पांढऱ्या कोटाने वीस वर्षांत झाला नाही, हे मी जरा कडवटपणेच कबूल करते.

इंजेक्शनबद्दल आता सगळ्याजणी विचारतात. दर दोन महिन्यांनी घ्यायचं कॅबोटेग्रॅविर, त्याला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, आफ्रिकेतल्या बायकांवरच्या अभ्यासात ते गोळीपेक्षा खूप सरस ठरलं. मग लेनाकॅपाविर, सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली, दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या अभ्यासात ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, जून २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. बायकांना हे आवडतं ते एका कारणाने, डबीच नाही. लपवायचं काही उरत नाही, एक आपण आणि एक सुई. पण शंका इथेही आहेत, मूल होणार नाही का, टोचलेल्या जागी गाठ राहते ती गिऱ्हाईकाला दिसेल का, सहा महिन्यांनी मी कुठे असेन कोणाला माहीत. गाठ राहते हे खरंय, हाताला लागते आणि हळूहळू विरते, सांगून टाकायचं. शेवटची शंका मला सगळ्यात रास्त वाटते, कारण इंजेक्शन चुकलं तर औषध शरीरात कित्येक महिने थोडं थोडं उरतं, संरक्षणाला पुरत नाही पण लागण झाली तर व्हायरसला ते पचवायची सवय लावू शकतं. आणि पुरवठ्याची खात्री कोण देणार? २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा त्यांच्या पैशातून प्रेप फक्त गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांनाच देता येईल असं ठरलं, धंद्यातल्या बायका एका कागदाने बाहेर. ‘सुरू करा म्हणता आणि मग बंद करता’ असं कोणी तोंडावर म्हटलं तर ऐकून घ्या.

तर तुमच्या गायब झालेल्या बायकांचं काय करायचं. पहिलं, ‘घेणार का?’ हा प्रश्न बंद करा, त्याचं उत्तर हो असंच येतं. ‘कुठे ठेवशील, कोणाला दिसेल, कोणत्या वेळी घेशील, गावाला गेलीस तर?’ हे विचारा, यातलं एकही उत्तर नसेल तर आज गोळी देऊ नका, पुढच्या वेळी द्या. ‘हाय रिस्क’ हा शब्द तिच्यासमोर नको, तो रिपोर्टमध्ये ठेवा. किती गोळ्या राहिल्या असं विचारताना मी आधी म्हणते की सगळ्यांच्या राहतात, माझ्या बीपीच्या पण राहतात, मग खरा आकडा येतो. आणि सोडलेल्या सगळ्या नापास धरू नका, एखादीने धंदा सोडला असेल, माणूस बदलला असेल, दोन महिने फक्त कंडोमवर राहायचं ठरवलं असेल, तिला धोका नसताना गोळी नको हे बरोबरच आहे. चार महिन्यांनी ती दारात उभी राहिली तर कुठे होतीस हे विचारायचं नाही. टेस्ट करा, गेल्या तीन दिवसांत काही झालंय का आणि एवढ्यात ताप, अंगावर पुरळ असं काही येऊन गेलं का ते बघा, सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी परत सुरू, आणि सात दिवसांचं परत एकदा सांगा, ते सगळ्या विसरतात.